मध्ये काय आडवं येतंय? नव्या प्रेम आणि साहस कादंबऱ्या रंगून वाचण्यासाठी

प्रेमकादंबरीतली दोघं शेवटी एकत्र येणार, हे पुस्तक हातात घेतानाच माहीत असतं. साहसकादंबरीचा नायक निम्म्यावर मरणार नाही, याचीही मनातून खात्री असते. तरी रात्री उशिरापर्यंत पुस्तक खाली ठेववत नाही. आपल्याला ओढून नेतो तो मधला अडथळा. प्रेमकथेत तो दोन माणसांच्या मध्ये असतो, साहसकथेत माणूस आणि त्याचा मुक्काम यांच्या मध्ये. सगळं लक्ष 'पुढे काय होणार' यावरच ठेवलं, तर या दोन्ही प्रकारांतला निम्मा रस निसटतो, कारण पुढे काय होणार ते बऱ्याचदा ठरलेलंच असतं. 'अजून का होत नाहीये?' हा प्रश्न धरून वाचायला बसलं की तीच कादंबरी वेगळी लागते. कोणतं पुस्तक घ्यायचं, किती वेगाने वाचायचं, कुठे थांबायचं आणि कधी सोडून द्यायचं, हेही या एका प्रश्नावरून ठरवता येतं.

मलपृष्ठावरचा 'पण'

मलपृष्ठावरचा मजकूर बहुतेक जण पाच सेकंदांत नजरेखालून घालतात. तो सावकाश वाचा आणि त्यात 'पण' कुठे येतो ते पाहा. 'ती बंदरावरच्या बोटदुरुस्तीच्या कारखान्याची मालकीण आहे, पण तो कारखाना विकत घ्यायला आलेल्या कंपनीचा वकील तो आहे.' इथे अडथळा पक्का आहे. दोघांपैकी एकाला काहीतरी गमवावं लागणार, हे उघड दिसतं. 'दोघं भेटतात, पण नियतीच्या मनात काही वेगळंच असतं.' इथे 'पण' आहे, अडथळा नाही. अशा पुस्तकावर फुली मारायची गरज नाही, मात्र पैसे देण्याआधी आतली पंधरा-वीस पानं चाळाच.

साहसकादंबरीच्या मलपृष्ठावर तीन गोष्टी शोधायच्या: काय मिळवायचं आहे, कधीपर्यंत, आणि मिळालं नाही तर कोणाचं काय जाणार. यातली मुदत सगळ्यात महत्त्वाची. मुदत नसलेल्या शोधमोहिमेत मधली दोनशे पानं भटकण्यात जातात. लेखकाचं भटकणंच सुरेख असेल तर गोष्ट वेगळी, पण ते मलपृष्ठावरून कळत नाही.

प्रेमकादंबरी घेताना एक फसगत नेहमी होते. रोमान्स म्हणून छापल्या जाणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांना एक संकेत लागू असतो. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या संस्थेच्या व्याख्येत त्याच्या दोन अटी येतात: कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकहाणी असावी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी असावा. वाचक याला एचईए म्हणतात, म्हणजे 'हॅपिली एव्हर आफ्टर'. लग्न, संसार दाखवलेला नसेल, पण दोघं एकत्र असतील, तर एचएफएन, म्हणजे 'हॅपी फॉर नाऊ'. ज्या कादंबरीत प्रेम आहे पण शेवटी ताटातूट किंवा मृत्यू आहे, ती उत्तम साहित्य असू शकते, मात्र ती या वर्गात बसत नाही. दुकानात आणि वेबसाइटवर दोन्ही शेजारी शेजारी मांडलेली असतात. मन हलकं करायला घेतलेलं पुस्तक शेवटच्या वीस पानांत रडवतं ते या सरमिसळीमुळे. म्हणून पुस्तकाचा वर्ग काय नोंदवलाय ते बघा. 'रोमान्स' असेल तर सहसा निर्धास्त राहायला हरकत नाही. 'फिक्शन', 'विमेन्स फिक्शन' किंवा 'लव्ह स्टोरी' एवढंच असेल तर शेवटाची हमी नाही.

मुखपृष्ठावरून अंदाज बांधू नका. अलीकडच्या बऱ्याच समकालीन प्रेमकादंबऱ्यांची मुखपृष्ठं चित्रमय, गोड रंगांची असतात. ती बघून पुस्तक किशोरांसाठी आहे असं वाटतं आणि आत शय्याप्रसंग अगदी उघड लिहिलेले असतात. त्याऐवजी वर्णनातले शब्द बघा: 'क्लोज्ड डोअर' म्हणजे दार बंद होतं तिथे प्रकरण संपतं. 'ओपन डोअर' किंवा 'स्पायसी' म्हणजे लिखाण उघड आहे. हिंसा, छळ, मूल गमावणं असे विषय असतील तर पुष्कळ लेखक सुरुवातीच्या पानावर किंवा स्वतःच्या वेबसाइटवर तशी सूचना देतात. ती वाचल्याने कथानक फुटत नाही.

'नवीन' म्हणून विकलं जाणारं पुस्तक खरंच नवीन आहे का, हे प्रताधिकाराच्या पानावर कळतं. तिथे पहिल्या प्रकाशनाचं वर्ष दिलेलं असतं. मुखपृष्ठ बदलून आलेली वीस वर्षांपूर्वीची कादंबरी वाईट असते असं नाही, पण त्यातले मोबाइल, नोकऱ्या आणि स्त्री-पुरुषांच्या वागण्याचे संकेत त्या काळातले असतात. हे आधी माहीत असलेलं बरं. अनुवाद असेल तर नामपृष्ठावर 'अनुवाद', 'संक्षिप्त अनुवाद' की 'रूपांतर' हे पाहा. प्रेमकथा संक्षिप्त केली की आधी कापली जातात ती शांत, रेंगाळणारी दृश्यं, आणि प्रेमकथेचा सगळा जीव तिथेच असतो.

ठरावीक साचे आणि त्यांची दुखरी जागा

प्रेमकादंबऱ्यांचे साचे, म्हणजे 'ट्रोप', उघडपणे जाहिरातीत सांगितले जातात. यात कमीपणा काही नाही. साचा म्हणजे अडथळ्याचा प्रकार. प्रत्येक साचा एका ठरावीक जागी मोडतो आणि ती जागा माहीत असली की पुस्तक पारखणं सोपं जातं.

'एनिमीज टु लव्हर्स'मध्ये वैराचं कारण खरं असावं लागतं. नुसती तोंडाला तोंड देणारी दोघं म्हणजे शत्रू नव्हेत. एकाच्या विजयात दुसऱ्याची हार असेल तरच साचा उभा राहतो. इथे बिघडतं ते असं: वैर लवकर विरघळतं आणि पुस्तकाच्या चाळीस टक्क्यांनंतर अडथळाच उरत नाही. 'फेक डेटिंग'मध्ये खोट्या नात्याची गरज पटली पाहिजे. लोकांना फसवायला एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न पहिल्या पन्नास पानांत पडला तर पुढेही तो पाठ सोडत नाही. 'सेकंड चान्स'मध्ये पूर्वी जे मोडलं त्याचं कारण लेखक किती उशिरा सांगतो ते बघा. निम्म्या पुस्तकापर्यंत लपवून ठेवलेलं कारण क्षुल्लक निघालं तर वाचकाला ठकल्यासारखं होतं. 'स्लो बर्न'ची मजा संयमात आहे. साठ टक्क्यांपर्यंत हातात हातही नसेल, तर मधल्या प्रत्येक भेटीत काहीतरी हललं पाहिजे. काहीच हलत नसेल तर ते संथ प्रेम नव्हे, ती रखडलेली कथा.

सोयीचं लग्न आणि एकत्र अडकणं, म्हणजे बर्फात, बोटीत किंवा एकाच खोलीत, हे दोन साचे साहसकथेत सहज मिसळतात. प्रेमातून साहसाकडे किंवा उलट वळू पाहणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

नमुना प्रकरणात काय बघायचं

ई-पुस्तकाचा मोफत नमुना साधारण पहिल्या दहा टक्क्यांचा असतो. ९० हजार शब्दांच्या कादंबरीत ते नऊ हजार शब्द होतात, म्हणजे निकाल द्यायला पुरेसे. सुरुवातीची समीक्षकांची स्तुती आणि अर्पणपत्रिका यांतच नमुन्याचा बराच भाग गेला असेल तर मात्र निर्णय राखून ठेवा.

पहिली पाहणी आवाजाची. कथा 'मी' सांगतोय की 'तो-ती', वर्तमानकाळात की भूतकाळात? अलीकडच्या प्रेमकादंबऱ्यांत दोघांनी आळीपाळीने 'मी' म्हणून सांगायची पद्धत फार आहे. प्रकरणाच्या डोक्यावर नाव दिलेलं असतं. ते नाव झाका आणि अर्धं पान वाचा. कोण बोलतंय ते ओळखता आलं तर लेखकाला दोन माणसं लिहिता येतात. ओळखता आलं नाही तर पुढची तीनशे पानं एकाच माणसाचं स्वगत ऐकण्याची तयारी ठेवा.

दुसरी पाहणी संवादांची. दोन पात्रं वाचकाला माहिती पुरवण्यासाठी एकमेकांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगत बसली असतील, तर ती सवय पुढेही सुटत नाही.

साहसकादंबरीच्या नमुन्यात एखादी हालचाल नीट दिसते का ते तपासा. माणूस भिंतीवर चढतो, दार उघडतो, होडी ढकलतो. तो कुठे उभा आहे, हातात काय आहे, पलीकडे काय आहे, हे एकदा वाचून डोळ्यांपुढे आलं पाहिजे. पहिल्याच प्रकरणात दोनदा मागे जावं लागलं, तर कळसाचा प्रसंग समजण्याची आशा कमी.

मालिकेचा क्रम

मालिका तीन प्रकारच्या असतात आणि क्रम चुकल्याची किंमत प्रत्येकीत वेगळी. पहिल्या प्रकारात प्रत्येक पुस्तकात नवं जोडपं असतं, कुटुंब किंवा गाव मात्र तेच. यातलं कोणतंही पुस्तक सुटं वाचता येतं. फार तर आधीच्या जोडप्याचं पुढे काय झालं ते कळून जातं, आणि शेवट ठाऊकच असल्यामुळे त्यात फारसं बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारात तेच जोडपं तीन ते पाच पुस्तकांत पुढे जातं. अद्भुताची जोड असलेल्या नव्या प्रेमकादंबऱ्या, ज्यांना 'रोमँटसी' म्हणतात, बऱ्याचदा अशाच असतात. इथे क्रम मोडायचा नाही. तिसऱ्या प्रकारात पुस्तक ऐन मोक्याच्या क्षणी तुटतं. पुढचा भाग आलाय का, हे पहिला भाग सुरू करण्याआधी बघा. मालिका अपुरी असेल आणि वाट बघणं जमत नसेल, तर थांबणंच चांगलं.

क्रमांकात ०.५ किंवा १.५ दिसलं तर ती लघुकादंबरी असते. १.५ ही पहिल्या आणि दुसऱ्या पुस्तकाच्या मधली. ०.५ ही कालक्रमाने आधीची असली तरी ती आधी वाचायलाच हवी असं नाही. अशी पूर्वकथा पुष्कळदा पहिलं पुस्तक गाजल्यावर लिहिली जाते, आणि पहिल्या पुस्तकाने जपून ठेवलेलं गुपित तिच्यात सरळ सांगून टाकलेलं असतं. प्रकाशनाच्या क्रमाने वाचलं तर ही अडचण येत नाही.

वेळेचा हिशेब

हार्लेक्विन किंवा मिल्स अँड बून या प्रेमकादंबऱ्यांच्या प्रकाशकांच्या मासिक मालिकांतली कादंबरी साधारण ५० ते ७५ हजार शब्दांची असते. सुटी प्रेमकादंबरी ८० हजार ते एक लाख. रोमँटसी दीड लाखाच्या पुढेही सहज जाते. इंग्रजीत सराईत असलेल्या प्रौढांचा कथा वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २६० शब्दांच्या आसपास धरतात. इंग्रजी ही आपली दुसरी किंवा तिसरी भाषा असेल तर वेग याहून कमी असणार. तो मोजणं अवघड नाही. घड्याळ लावून दहा मिनिटं नेहमीसारखं वाचा, एका ओळीतले शब्द गुणिले ओळी असा हिशेब करा आणि दहाने भागा.

समजा वेग २०० निघाला आणि पुस्तक ९० हजार शब्दांचं आहे. एकूण साडेसात तास लागतील. रोज अर्धा तास वाचलं तर पंधरा दिवस. हा हिशेब करायचा तो शेवटच्या चतुर्थांशासाठी. तिथे २२ हजारांहून थोडे जास्त शब्द उरतात, म्हणजे दोन तासांना थोडाच कमी वेळ. हे दोन तास एका बैठकीचे ठेवा. प्रेमकादंबरीतली ताटातूट आणि पुनर्मीलन, साहसकादंबरीतला सापळा आणि सुटका, हे सगळं सहसा याच भागात असतं. ते अर्ध्या-अर्ध्या तासात तोडून चार रात्री वाचलं की ताटातुटीचं दुःख चार दिवस साचतं आणि पुनर्मीलन घाईचं वाटतं. अशा वेळी दोष लेखकाला दिला जातो. खरा दोष वाचनाच्या तुकड्यांचा असतो.

आधीच्या भागात प्रकरणाच्या शेवटी थांबायची सवय मोडा. प्रकरण अशाच जागी तोडलेलं असतं की पान उलटावंच लागेल. पुढच्या प्रकरणाची दोन-तीन पानं वाचून, ताण जरा उतरला की थांबा. झोपही लागते आणि दुसऱ्या दिवशी धागा लगेच सापडतो.

प्रेमकादंबरी वाचताना

अडथळा दोन पदरी असतो. बाहेरचा पदर म्हणजे नोकरी, घराणं, युद्ध, अंतर. आतला पदर म्हणजे एखाद्या पात्राने स्वतःविषयी धरलेली समजूत: 'माझ्यावर कोणी विसंबू नये', 'विश्वास ठेवला की माणसं जातात'. पहिल्या चतुर्थांशात दोघांच्या मनातली अशी एकेक समजूत शोधा आणि जमल्यास समासात एका ओळीत लिहा. पुढचं प्रत्येक दृश्य या समजुतीला धक्का देतं किंवा खतपाणी घालतं. यांपैकी काहीच न करणारं दृश्य सजावटीचं.

प्रेम कबूल होण्याच्या फार आधी ते वस्तूंमधून आणि संबोधनांतून दिसू लागतं. समजा, उत्खननाच्या जागी दोन प्रतिस्पर्धी अभ्यासक आहेत. तिसऱ्या प्रकरणात तो आपला कंदील पुढे करतो आणि ती म्हणते, "तुमचा उजेड तुम्हालाच लागेल." अकराव्या प्रकरणात भुयारात तिची वात विझते. ती काही न बोलता त्याचा कंदील उचलते, आभारही मानत नाही. एकोणिसाव्यात तो सकाळी तंबूबाहेर येतो तर त्याच्या कंदिलाची काच पुसलेली, वात कातरलेली, तेल भरलेलं. तीन प्रसंगांत प्रेमाचा उच्चारही नाही. पण पहिल्यात नकार, दुसऱ्यात गरज, तिसऱ्यात काळजी. तिसरा प्रसंग दोन ओळींचा असेल आणि भराभर वाचणाऱ्याच्या नजरेतून तो हमखास सुटेल. मग बाविसाव्या प्रकरणातली कबुली त्याला 'अचानक' वाटेल. म्हणून पहिल्या भेटीत हाताळली गेलेली वस्तू लक्षात ठेवा. ती परत येते. तसंच आडनावावरून नावावर, 'तुम्ही'वरून 'तू'वर कोण आधी आलं आणि भांडणात कोण पुन्हा 'तुम्ही'वर गेलं, हे टिपत जा. मराठीत लिहिलेल्या प्रेमकथेत तर सगळा चढउतार एवढ्यावरून वाचता येतो.

साधारण ७५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान ताटातूट येते. पुष्कळ वाचकांना हा भाग नकोसा होतो. तो कमावलेला आहे की ओढूनताणून आणलेला, हे बघायला तीन प्रश्न पुरतात. ताटातुटीचं कारण पहिल्या चतुर्थांशात दिसलेल्या समजुतीतूनच आलंय का? पाच मिनिटं मोकळं बोलून ते मिटलं असतं का, आणि असतं तर ते न बोलण्याला त्या माणसाकडे काही कारण आहे का? आणि परत येताना कोण काय सोडतं? शेवटचा प्रश्न सगळ्यांत कडक आहे. नुसती क्षमा मागून, गर्दीत मोठं भाषण करून नायक परत आला आणि त्याच्या वागण्यात काहीच बदललं नाही, तर पुढच्या भांडणात हेच होणार हे वाचकाला कळतं. तिथे शेवट गोड असूनही समाधान होत नाही.

ऐतिहासिक प्रेमकादंबरीत अडथळा बऱ्याचदा कायद्यातून किंवा रिवाजातून आलेला असतो, आणि तो माहीत नसला की पात्रं उगाच घाबरट वाटतात. इंग्लंडमधल्या रीजन्सी काळावर, म्हणजे १८११ ते १८२० या वर्षांवर, आजही ढिगाने कादंबऱ्या येतात. त्यांत जोडपी पळून स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ग्रेटना ग्रीनला जातात. याचं कारण १७५३ चा विवाह कायदा. इंग्लंडमध्ये २१ वर्षांखालच्यांना परवान्याने लग्न करायचं तर पालकांची संमती लागे, स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. लंडनपासून हे अंतर पाचशे किलोमीटरच्या वर. म्हणजे घोडागाडीत काही दिवस, वाटेत मुक्काम, पाठलाग, आणि लग्न न होता परतली तर मुलीची अब्रू गेलेली. एवढं ठाऊक असलं की 'गाडीचं चाक मोडलं' या वाक्याने काळजात धस्स होतं. पदव्यांचा क्रमही पाठ असू द्या: ड्यूक सगळ्यांत वर, मग मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन.

साहसकादंबरी वाचताना

कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा. पुस्तकात नकाशा असेल तर कागदी प्रतीत तिथे खूणपट्टी घाला. ई-रीडरच्या छोट्या पडद्यावर नकाशातली बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून तेच पान फोनवर उघडून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. नकाशा नसेल तर स्वतः काढा. चौकोन, बाण आणि नद्यांच्या रेघा एवढं पुष्कळ झालं. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने 'ट्रेझर आयलंड' लिहिण्याआधी बेटाचा नकाशा काढला होता. १८८३ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं त्या वेळी प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशा गहाळ झाला आणि त्याला स्वतःचाच मजकूर तपासत तो पुन्हा काढावा लागला. मजकुरावरून नकाशा काढता येणं ही साहसकथेची खरी परीक्षा आहे. नदी पूर्वेला आहे की पश्चिमेला हे दोन प्रकरणांत वेगवेगळं निघालं तर लेखकाने तो प्रदेश मनात पाहिलेला नाही.

नकाशाखाली तीन आकडे लिहीत चला: अंतर, वेळ, शिधा. साहसातला ताण या तिघांच्या ओढाताणीतून येतो. सपाटीवर माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. डोंगरासाठी विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला नियम आजही वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. बारा किलोमीटर अंतर आणि १२०० मीटर चढ असेल तर दोन तास चोवीस मिनिटं अधिक दोन तास, म्हणजे जवळपास साडेचार तास. हे धडधाकट माणसाचं गणित. जखमी सोबती आणि पाठीवर ओझं असताना नायक दोन तासांत वर पोचला, तर लेखकाने अडथळा परस्पर बाजूला केला. आणि लेखकाने हिशेब चोख ठेवला असेल, 'अंधार पडायला तीन तास आहेत' असं लिहिलं असेल, तर तुम्ही पात्रांच्या आधी घाबरता. ती मजा औरच.

खजिन्याच्या कथेत अक्षांश-रेखांश येतात. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५२ मीटर, एक सेकंद म्हणजे जेमतेम ३१ मीटर. जुन्या कागदावर अंश आणि मिनिटंच असतील तर जागा जवळपास दोन किलोमीटरच्या पट्ट्यात कुठेही असू शकते. पुढची शोधाशोध खरी आहे की वेळकाढू, ते या आकड्यांवरून ठरवता येतं. समुद्राखालच्या प्रसंगात लक्षात ठेवा की दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो आणि टाकीतली हवाही चौपट वेगाने संपते. जी टाकी वर तासभर पुरली असती ती तिथे पंधरा मिनिटं. नायक तीस मीटरवर बुडालेल्या जहाजात निवांत पेट्या उघडत बसला, की समासात खूण करा. डोक्यावर फटका बसून तासभर बेशुद्ध पडलेला माणूस उठून लगेच धावतो, हाही असाच नेहमीचा प्रमाद. काही मिनिटांहून जास्त बेशुद्धी ही गंभीर दुखापत असते.

सगळ्याच कादंबऱ्यांना ही पट्टी लावू नका. काही साहसकथा मुळातच अतिरंजित आणि उत्सवी असतात. त्यांचा नायक पहिल्याच प्रकरणात पाचव्या मजल्यावरून उडी मारून उभा राहतो आणि तिथेच नियम सांगून टाकतो. तो नियम शेवटपर्यंत पाळला गेला तर तक्रार नाही. पहिल्या शंभर पानांत घाव लागणारा माणूस शेवटी अभेद्य झाला, तर मात्र ती फसवणूक.

पाठलागाच्या प्रसंगात वाचकही पळू लागतो, ओळी गाळतो. तिथे मुद्दाम नेहमीचाच वेग धरा. वाक्यं आखूड असल्यामुळे गती लेखकाने आधीच वाढवलेली असते. त्यात आपण भर घातली की कोणता दरवाजा, कोणता हात, किती गोळ्या उरल्या, हे सगळं धूसर होतं आणि सुटका चमत्कारासारखी वाटते. पुस्तकाच्या पहिल्या एक-पंचमांश भागात पोतडीत, खिशात किंवा जहाजावर काय काय भरलं, त्याची यादीही कागदावर असू द्या. चांगला लेखक सुटकेचं साधन तिथेच ठेवून गेलेला असतो.

दोन्ही एकत्र असतील तेव्हा

प्रेम आणि साहस एकाच पुस्तकात असेल तर दोन अडथळे एकमेकांत अडकलेले हवेत. तपासायची रीत अशी: प्रत्येक संकटानंतर थांबून विचारा, या प्रसंगाने दोघांच्या नात्यात काय बदललं? आणि प्रत्येक जवळिकीनंतर विचारा, यामुळे मोहीम सोपी झाली की अवघड? दोन्ही उत्तरं सलग तीनदा 'काहीच नाही' आली तर दोन कादंबऱ्या एका बांधणीत शिवल्या आहेत. शत्रू दाराशी असताना चुंबन, हे या मिश्रणाचं नेहमीचं दुखणं. धोका खरा वाटत असेल तर ते चुंबन खोटं वाटतं, चुंबन खरं वाटलं तर धोका. संकट टळल्यानंतरची थकलेली, चिखलाने माखलेली दहा मिनिटं जो लेखक वापरतो, त्याला या दोन्ही रसांची जाण असते.

ऐकताना

ऑडिओ पुस्तकाच्या एका तासात साधारण नऊ हजार शब्द बसतात, म्हणजे ९० हजारांची कादंबरी दहा तासांची. 'ड्युअल' निवेदनात दोन निवेदक आपापली प्रकरणं वाचतात, पण तिच्या प्रकरणातले त्याचे संवादही तीच म्हणते. 'ड्युएट'मध्ये प्रत्येक जण आपल्या पात्राचे संवाद सगळीकडे स्वतः म्हणतो. प्रेमकथेसाठी दुसरा प्रकार जास्त जिवंत लागतो. वेग १.२५ पर्यंत चालतो. दीडपटीच्या वर निवेदकाने घेतलेले विराम जातात, आणि न बोललेलं सगळं त्या विरामांतच असतं. साहसकथा ऐकत असाल तर काम हातांचं असू द्या, डोळ्यांचं नको. नकाशा डोक्यात तयार व्हायला डोळे मोकळे लागतात.

कंटाळा आला तर

एकाच साच्याची पाठोपाठ चार पुस्तकं वाचली की पाचवं चांगलं असूनही शिळं लागतं. साचा बदला, लेखक तोच ठेवलात तरी चालेल. प्रेमकादंबरीनंतर साहसकादंबरी, मग एखादी छोटी लघुकादंबरी, अशी आलटापालट बहुतेकांना मानवते.

पुस्तक सोडायचं असेल तर पंचवीस टक्क्यांवर निर्णय घ्या. तोवर अडथळा काय आहे ते एका वाक्यात सांगता आलं नाही तर निःसंकोच सोडा. सांगता येतंय, पण पात्रांशी जुळत नाही असं असेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत जा, कारण नात्याला कलाटणी मध्यावर मिळते. ऐंशी टक्क्यांवर कंटाळून सोडलेलं पुस्तक मात्र आठवडाभराने एका बैठकीत संपवून बघा. तिथला कंटाळा बहुतेक वेळा ताटातुटीच्या लांबणीचा असतो.

आवडलेलं पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना सलग वाचायची गरज नाही. पहिली भेट, मध्यावरचं दृश्य आणि ताटातूट एवढी तीन प्रकरणं ओळीने वाचा. साहसकथेत मोहिमेची तयारी आणि सुटका ही दोनच. मग वहीत चार रकाने भरा: पुस्तकाचं नाव, अडथळा, तो कुठे सैल पडला, तो कोणी आणि काय देऊन ओलांडला. दहा-बारा पुस्तकांच्या नोंदी झाल्या की चौथ्या रकान्यात तुमच्या आवडीच्या पुस्तकांसमोर पुन्हा पुन्हा एकाच तऱ्हेचं उत्तर येताना दिसेल. कोणाला अभिमान सोडणारी माणसं आवडतात, कोणाला सुरक्षितपणा सोडणारी. पुढचं पुस्तक शोधताना त्याचं मलपृष्ठ या उत्तराशी ताडून बघा.